चौदावा खोंड

सकाळी आठ वाजता दूध सोसायटीच्या मागच्या पटांगणात तेरा खोंड दाव्याला बांधले होते आणि चौदावा अजून यायचा होता.

चिमटेमामांनी लाकडी पेटीतून चिमटा काढला. हातभर लांब दोन दांडे आणि पुढे बोथट जबडा. दोन कागदांच्या मध्ये एक दोरा ठेवून त्यांनी जबडा मिटला. कागद शाबूत राहिले, आतला दोरा तेवढा तुटला. चिमटा चांगला होता. कातडीला इजा न करता आतली नस चिरडायची, एवढंच त्याचं काम. रक्त नाही, टाका नाही. सहा आठवड्यांत वृषण सुकतात आणि खोंडाचा बैल होतो. जनावरांच्या दवाखान्यात मामांनी तीस वर्षं हेच केलं होतं. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं, आणि खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं.

निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी आज त्यांना बोलावणं आलं, कारण दवाखान्यातल्या नव्या मदतनिसाचं मनगट एका गाईने लाथ घालून मोडलं होतं.

"मामा, दुपारपर्यंत उरकायचं," सोसायटीचे चेअरमन म्हणाले. "एकही राहता कामा नये."

चेअरमन माणूस वाईट नव्हते. पंधरा लिटरची संकरित गाय दारात उभी राहिली की त्या घराचं काय होतं, हे त्यांनी वीस घरांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन लिटरच्या गावठी गाई आता कुणालाच नको होत्या. सोसायटीने ठराव केला होता: इथून पुढे सगळ्या गाई परदेशी वळूच्या रेताने भरवायच्या, हद्दीत एकही गावठी खोंड तसा ठेवायचा नाही, आणि जो ठेवेल त्याचं दूध सोसायटी घेणार नाही. ठरावाला सगळ्यांनी हात वर केले होते. मामांच्या धाकट्या भावाने तर दोन्ही.

दहा वाजेपर्यंत तेरा खोंड झाले. मामा डाव्या हाताने नस चाचपून कडेला घ्यायचे, बोटांत धरून ठेवायचे आणि "दाबा" म्हणायचे. दूध मोजणारा माणूस दांडे मिटायचा. झालेल्या जनावराच्या कपाळावर चेअरमन लाल रंगाचा ठिपका लावायचे.

तेवढ्यात गिरणीवाली आली. अंगावर पिठाची पांढरी झाक, हातात दावं, आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला चारही पाय रोवून उभा राहिलेला खोंड.

"चल की रे! लग्नाला नाही न्यायचं तुला, उलटंच आहे," ती ओरडली. पटांगणातले लोक हसले.

मामा हसले नाहीत. राखाडी अंग, मानेवर काळपट छटा, मुठीसारखं घट्ट वशिंड, गळ्याखाली लोंबणारी आखूड पोळी आणि डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखं काळंभोर वर्तुळ. काजळी जातीचा खोंड होता. असा खोंड त्यांनी शेवटचा पाहिला त्याला अकरा वर्षं झाली होती.

"ह्याची आई कुठली?" त्यांनी विचारलं.

"सासऱ्यांची गाय. गेल्या वर्षी मेली बिचारी. दूध दोन लिटर, पण कधी दवाखाना दाखवावा लागला नाही. आता गोठ्यात हा एकटाच. ह्याला गाडीला जुंपावं म्हणते, पिठाची पोती न्यायला. पण ऐकतोय कुठे!"

"आणि बाप?"

"टेकडीवरच्या मेंढपाळांचा वळू. तोही गेला. का हो मामा, सोयरीक जुळवताय का?"

पुन्हा हशा.

त्यांची मुलगी बसने दोन तासांवरच्या एका केंद्रात कामाला होती. जुन्या जातींची जनावरं जतन करायचं केंद्र. तिथे काजळी जातीच्या एकोणीस गाई होत्या आणि एकच वळू, सोळा वर्षांचा. त्याच्या रेतात आता जिवंत काही सापडत नव्हतं. मुलगी दोन वर्षं मोटरसायकलवरून गोठे पालथे घालत होती. मागे एकदा जेवताना ती म्हणाली होती, "बाबा, मी ज्या दारात जाते तिथे लोक म्हणतात, आमच्याकडे होता खोंड, तुमच्या वडिलांनीच खच्ची केला." मामा हात धुवायला उठले होते.

"मामा, बघताय काय? हा झाला की संपलं," चेअरमन म्हणाले.

आता काय करायचं? थांबा म्हणावं, तर ठराव आडवा येणार. मुलीला फोन करावा, तर केंद्राला खोंड घ्यायला आधी रक्ताची तपासणी लागते, मग समितीची मंजुरी. दोन महिने कुठे गेले नाहीत. आणि गिरणीवालीला तर बैलच हवा होता.

खोंडाचे पाय बांधले गेले. एकाने शेपूट धरलं. मामा खाली बसले, डावा हात आत घातला. नस बोटांना लागली, दोरीसारखी गुळगुळीत. दूध मोजणाऱ्याने जबडा टेकवला. मामांनी बोटं किंचित सैल केली. नस आत सरकली आणि जबड्यात नुसती कातडीची घडी राहिली.

"दाबा."

कट्ट आवाज झाला. खोंडाने अंग आखडून हंबरडा फोडला, कारण कातडीही दुखतेच. मामांनी दहापर्यंत आकडे मोजले. दुसऱ्या बाजूलाही तसंच. चेअरमननी लाल ठिपका लावला आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. कप हातात धरताना मामांना दोन्ही हात लावावे लागले.

"वय झालं मामा," चेअरमन प्रेमाने म्हणाले.

"झालं खरं," मामा म्हणाले, आणि गिरणीवालीकडे वळले. "बाई, ह्याला दोन महिने बांधूनच ठेवा. गाईंच्या जवळपास फिरकू द्यायचा नाही. चिमटा बसला तरी काही दिवस धोका असतो."

एवढं तरी ते खरं बोलले होते.

रविवारी मुलगी घरी आली. मामांनी दार लोटून तिला सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं ती आनंदाने उडी मारेल. ती खुर्चीवर बसली.

"नक्की काजळीच?"

"तीस वर्षं हात लावलाय मी त्यांना."

"आणि त्या बाईंना माहीत नाही?"

"नाही."

"बाबा, हे काय करून बसलात!" तिचा आवाज चढला. "लोकांनी आपणहून ही जनावरं ठेवावीत म्हणून मी दारोदार फिरते. मी चोर नाही, फसवणारी नाही, एवढ्याच भांडवलावर मला कुणी गोठ्यात घेतं. उद्या हे उघडं पडलं तर एक माणूस दार उघडणार नाही मला."

"मग काय करायला हवं होतं मी? दाबायला हवा होता?"

ती उठून खिडकीपाशी गेली, परत आली.

"जातीच्या तपासणीसाठी रक्त घेऊ द्या म्हणून मी बाईंना उघडपणे विचारते. त्या नाही म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तर अहवाल यायला सात आठवडे. अहवाल आला की काहीही असो, तुम्ही स्वतः जाऊन त्यांना खरं सांगायचं. आणि तोवर त्याने एकाही गाईला शिवता कामा नये. तसं झालं तर त्याच दिवशी सांगायचं. कबूल?"

"कबूल."

गिरणीवालीने रक्त घेऊ दिलं. "घ्या की, माझं थोडंच घेताय," म्हणाली.

त्यानंतर मामांचा जीव टांगणीला लागला. रोज सकाळी ते चिमट्याची जागा बघायच्या निमित्ताने गिरणीच्या मागच्या गोठ्यात जायचे. खरं तर ते दावं बघायचे. गाठ ओढून पाहायचे, खुंटा हलवून पाहायचे, कुठे पीळ उसवलाय का ते चाचपायचे. खोंड त्यांच्याकडे कान मागे टाकून रोखून बघायचा. तो दिवसेंदिवस भरत चालला होता. मान जाड झाली, वशिंड वर आलं. खच्ची झालेलं जनावर असं भरत नाही, हे जाणत्या माणसाला लांबून कळलं असतं.

"मामा, सूज नाही आली ह्याला," गिरणीवाली चौथ्या दिवशी म्हणाली. "सुताराच्या खोंडाला केवढी आली."

"माझा हात हलका आहे."

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "अजून लहान नाही झालं ते."

"एकेकाला वेळ लागतो."

ती कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. मग गिरणीत कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

सातव्या आठवड्यात आणखी एक बातमी आली. मदतनिसाचं मनगट बरं झालं होतं आणि शनिवारी तो सगळ्या चौदा जनावरांची फेरतपासणी करणार होता. एखाद्याची नस राहिली असेल तर तिथल्या तिथे पुन्हा चिमटा.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी भर दुपारी मामा गिरणीकडे निघाले होते. त्या दिवशी त्यांना उशीर झाला होता, पेन्शनच्या कामाला जावं लागलं होतं. भावाच्या गोठ्यामागच्या कुंपणाशी येताच त्यांचे पाय थबकले. भावाची कालवड कुंपणाला लागून उभी होती आणि तिच्यावर राखाडी अंग चढलेलं होतं. गळ्यात तुटलेल्या दाव्याचा तुकडा लोंबत होता.

"हाड! हट्!" मामा धावले. हातातली छत्री त्यांनी खोंडाच्या पाठीत हाणली. पण धावून पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. खोंड खाली उतरला आणि काही घडलंच नाही अशा थाटात गवत हुंगायला लागला.

मामांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. दाव्याचा तुकडा धरून त्यांनी खोंडाला मागच्या वाटेने गोठ्यात आणून बांधलं. गिरणीचा पट्टा धडधडत होता, गिरणीवालीला पत्ताही नव्हता.

ही कालवड म्हणजे भावाचा जीव की प्राण. त्याच्या सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या गाईची पहिली कालवड. तिच्यासाठी त्याने महिनाभर आधी परदेशी वळूचं खास रेत सांगून ठेवलं होतं. आज ती माजावर होती आणि चार वाजता रेतन करणारा येणार होता. तो आलाही. मामा भावाच्या अंगणात दगडासारखे उभे राहून बघत होते. त्या माणसाने नायट्रोजनच्या भांड्यातून रेताची कांडी काढली, कोमट पाण्यात धरली, नळीत बसवली, हातमोजा चढवला. पाच मिनिटांत काम झालं.

"झकास माजावर होती," तो म्हणाला.

"दादा, बघशील तू," भाऊ मामांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला. "हिला होईल ना कालवड, ती वीस लिटर देते की नाही बघ. मी तर नावसुद्धा ठरवलंय."

आधीच सांगितलं असतं तर रेताची ती एक कांडी तरी वाचली असती, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा कांडी वापरून झाली होती.

संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन लावला. पहिली घंटा पूर्ण वाजायच्या आतच तिने उचलला.

"बाबा, मीच करणार होते! अहवाल आला. शुद्ध आहे. आजवर जेवढे नमुने पाठवले त्यात सगळ्यात शुद्ध. मंगळवारी समिती बसतेय, मी—"

"तो सुटला होता," मामा म्हणाले. "तुझ्या काकाच्या कालवडीवर गेला. कुणी पाहिलं नाही. नंतर चार वाजता तिला रेत भरलं. काकाला वाटतंय सगळं ठीक आहे."

मग मुलगी हळू आवाजात म्हणाली, "कालवडीला काही अपाय नाही. आठ-दहा दिवसांनी एक इंजेक्शन दिलं की गर्भ राहत नाही, पुन्हा माजावर येते. त्याआधी तसंही काही करता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे... मंगळवारपर्यंत सहा दिवसच आहेत. शनिवारी फेरतपासणीला बाई गावात नसल्या, गोठ्याला कुलूप असलं... बाबा, सहा दिवस. मंगळवारी मंजुरी मिळाली की बुधवारी गाडी आणते. मग सगळ्यांना सगळं सांगू."

मामा फोन कानाला लावून उभे राहिले. तिने दोन वर्षं किती पायपीट केली ते त्यांनी पाहिलं होतं. हो म्हणणं सोपं होतं. पण त्यांच्या खांद्यावर अजून भावाच्या हाताचं वजन होतं.

"बाळा, त्याच दिवशी सांगायचं असं तूच कबूल करून घेतलं होतंस."

"हो. तेव्हा अहवाल हातात नव्हता," ती म्हणाली. "उद्या सांगितलंत तर उद्याच चिमटा बसेल त्याला. आणि आता दुसरा कुठे मिळणार नाही, हे मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे."

शेवटी तीच म्हणाली, "सांगा. मी बोलले ते विसरा."

गुरुवारी सकाळी मामा भावाच्या गोठ्यात गेले. भाऊ धार काढत होता. मामांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पटांगणातली सैल सोडलेली नस, सुटलेला खोंड, काल दुपारचा प्रकार. धारेचा आवाज थांबला. भाऊ बादली बाजूला सरकवून उभा राहिला.

"काल माझ्या शेजारी उभा होतास तू."

"हो."

"रेत भरताना बघत होतास."

"हो. दहाव्या दिवशी इंजेक्शन देता येतं. मी डॉक्टरांशी बोलतो, मी स्वतः धरतो तिला—"

"माझ्या गोठ्यात पाय ठेवायचा नाही परत," भाऊ म्हणाला. तो ओरडला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. दाराबाहेर पडून तो तडक चेअरमनच्या घराच्या दिशेने चालू लागला.

मामांनी पळत गिरणी गाठली. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते इतके कधी पळाले नव्हते. गिरणीवाली चक्कीत धान्य ओतत होती.

"बाई, पट्टा बंद करा. मला सांगायचंय काहीतरी."

तिने खटका दाबला. धडधड मंदावत थांबली. मामांनी दुसऱ्यांदा तेच सगळं सांगितलं, दम खात. ऐकून झाल्यावर पदराने तोंडावरचं पीठ पुसलं.

"सूज येत नाही असं मी म्हणाले तेव्हा हात हलका म्हणालात."

"चुकलं माझं."

"माझ्या जनावराला माझ्यासमोर हात लावलात आणि माझ्याच डोळ्यांत पीठ टाकलंत, मामा. तेही गिरणीवालीच्या!"

तेवढ्यात बाहेर मोटरसायकली थांबल्या. चेअरमन, मामांचा भाऊ आणि पेटी घेतलेला मदतनीस आत आले. दळणाला आलेली दोन-चार माणसंही मागे सरकून उभी राहिली.

"बाई, खोंड कुठाय?" चेअरमनचा चेहरा लाल झाला होता. "पाच मिनिटांचं काम आहे. आणि मामा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तीस वर्षं लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला तुमच्यावर."

मदतनीस पेटी उघडून गोठ्याच्या दारापर्यंत पोचलाही. मामा दारात आडवे उभे राहिले.

"सरका मामा."

"तो काजळीचा शेवटचा शुद्ध खोंड आहे," मामा म्हणाले. "अहवाल आलाय. मी केलं ते चुकीचंच केलं, मला काय शिक्षा करायची ती करा. पण ह्याला हात लावलात तर परत आणता येणार नाही."

"शेवटचा असेल नाहीतर पहिला," चेअरमन म्हणाले. "लोकांना जे जनावर नकोय ते ठेवायचं कुणासाठी? ह्या तुमच्या भावाचं नुकसान झालं, उद्या दुसऱ्याचं होईल. आम्ही दूध विकून घर चालवतो मामा, प्रदर्शन नाही भरवत."

मदतनिसाने त्यांच्या दंडाला धरलं.

"सोडा त्यांना," गिरणीवाली म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मघापासून बघतेय. माझ्या गोठ्याच्या दारात उभे राहून तुम्ही सगळे माझ्या खोंडाचं ठरवताय. त्या दिवशी मामांनी मला न विचारता ठरवलं, आज तुम्ही ठरवताय. मला विचारलं का कुणी?"

"सोसायटीचा ठराव आहे बाई. मोडला तर दूध घेणार नाही तुमचं."

"कुठलं दूध?" तिने विचारलं. "माझ्या गोठ्यात हा एकटा. ह्याचं काढून घालू? मी तुमची सभासदसुद्धा नाही. बैल हवा होता आणि शेजारधर्म म्हणून त्या दिवशी आले." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ती हसली नाही. "आणि चेअरमन, मी ह्याला दाव्याने नाही, साखळीने बांधते आजपासून. पुन्हा सुटला तर तुम्ही म्हणाल ती भरपाई देईन आणि चिमटा मी स्वतः धरेन. पण आज नाही. मामा, ते केंद्रवाले ह्याच्या बदल्यात काय देणार?"

"समिती मंगळवारी बसेल. त्यांच्याकडे गाडीला शिकवलेला एक बैल आहे. मिळेलच असं मी सांगू शकत नाही."

"आता खरं बोलायला लागलात. मंगळवार. बुधवारी सकाळी गाडी आली नाही तर मदतनिसाला मीच बोलावीन."

चेअरमननी मदतनिसाला पेटी मिटायची खूण केली. "बुधवार," ते म्हणाले. "आणि मामा, ह्यापुढे सोसायटीच्या जनावराला तुमचा हात लागणार नाही." भाऊ सगळ्यांच्या आधी बाहेर पडला होता.

ते पाच दिवस मामा सकाळपासून संध्याकाळपर्यंत गोठ्याच्या दारात बाजेवर बसून होते. गिरणीवाली त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. रविवारी सोसायटीतली तीन माणसं फाटकाशी येऊन उभी राहिली, हळू आवाजात काहीतरी बोलली. मामा उठून उभे राहिले. गिरणीवाली हातात फावडं घेऊन बाहेर आली आणि विचारलं, "दळण आहे का?" ती माणसं गेली.

मंगळवारी मुलीने समितीपुढे सगळी फाइल ठेवली. मालकिणीला फसवून खोंड वाचवला गेला, हेही तिने त्यात स्वतः लिहिलं होतं. दोन सभासद म्हणाले, असा खोंड घेतला तर केंद्राची अब्रू जाईल. दुपारी दोनपर्यंत वाद चालला. मामा फोन मांडीवर ठेवून बसले होते. अडीचला तो वाजला. एका मताच्या फरकाने मंजुरी मिळाली होती.

बुधवारी गाडी आली, बैल उतरला, खोंड चढला. फळीवर पाय ठेवायला त्याने पाऊण तास घेतला आणि मदतनिसासकट सगळ्यांना घाम फोडला; कारण मदतनीसही हात लावायला आला होता, का ते त्याने सांगितलं नाही. गिरणीवालीने नव्या बैलाचे दात तपासले, खूर तपासले आणि "गपगुमान दिसतोय," एवढंच म्हणाली.

भावाच्या कालवडीला दहाव्या दिवशी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मामा रस्त्याच्या पलीकडे उभे होते. दोर भावजयीने धरला होता. तिने एकदा मामांकडे पाहिलं, पण बोलावलं नाही. तीन दिवसांनी कालवड पुन्हा माजावर आली, पुन्हा रेत भरलं, आणि यावेळी ती गाभण राहिली. हे मामांना भावजयीकडूनच कळलं. भाऊ त्यांच्याशी बोलत नव्हता. कालवड व्यायली तेव्हा, नऊ-दहा महिन्यांनी, तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वासरू उभं राहत नाहीये, जरा येऊन बघ." मामा चपला न घालताच निघाले.

पण ते पुढचं. त्याआधीच्या पावसाळ्यात मुलीने फोन करून सांगितलं होतं की खोंडाचं पहिलं रेत चांगलं निघालं, पण एका वळूने जात उभी राहत नाही. एकोणीस गाईंपैकी निम्म्या म्हाताऱ्या झाल्यात. मामांनी त्यावर दोन दिवस विचार केला. मग माळ्यावरून एक ट्रंक काढली. तीस वर्षांच्या नोंदवह्या होत्या तिच्यात. कोणत्या तारखेला, कोणाच्या दारात, कोणत्या रंगाचा, किती वयाचा खोंड खच्ची केला, सगळं त्यांच्याच अक्षरात होतं. ज्या घरात काजळी खोंड होता, त्या घरात त्याची बहीण असणार. तिची पोर असेल, नात असेल.

एकूण एकशे बारा घरं निघाली. मुलगी मोटरसायकल चालवायची आणि मामा मागे वही धरून बसायचे. लोक त्यांना ओळखायचे. कुणी बसायला सांगायचं, कुणी अंगणातूनच बोळवायचं. तुम्ही आधी इथे काय करून गेलात, असं कुणी विचारलं तर मामा सांगायचे आणि मुलगी मध्ये बोलायची नाही. पहिल्या अकरा घरांत संकरित गाई होत्या, नाहीतर रिकामे गोठे.

बाराव्या घरात कोपऱ्यात एक राखाडी गाय रवंथ करत बसली होती. मुलगी वाकून तिच्या डोळ्यांपाशी गेली, मग मागे वळून मामांकडे पाहिलं. मामांनी मान हलवली. ती काजळीच होती, सात-आठ वेतं झालेली, पण अंगाने धड.

"देणार का?" मुलीने मालकाला विचारलं. "किंवा तुमच्याकडेच ठेवा. आम्ही वळूचं रेत आणून देऊ."

मालक गाईकडे बघत राहिला. "घरच्यांना विचारून सांगतो," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात या."

मुलीने वार लिहून घेतला. मामांनी वहीतलं पान उलटलं आणि तेराव्या घराचा पत्ता वाचून दाखवला.